हरभरा निघाला की

मुरुड म्हटल्यावर समुद्र, नारळी आणि जंजिरा डोळ्यांपुढं आला असेल तर तो आधी बाजूला ठेवावा. हे मुरुड लातूर तालुक्यातलं, लातूर–बार्शी रस्त्यावरचं. कुर्डुवाडीहून लातूरला जाणारी रेल्वे या गावावरून जाते. २०१६च्या एप्रिलात मिरजेला पाणी भरून निघालेली गाडी याच रुळांवरून लातूरची तहान भागवायला गेली होती. भोवती काळं रान. खरिपात सोयाबीन आणि तूर, रब्बीत हरभरा आणि ज्वारी, बोअरला पाणी असेल तिथं ऊस.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, हे रान हिरवंगार असतं. लातूर-धाराशिवकडची माणसं त्या दिवशी घरांना कुलपं लावून शेतात जातात, कडब्याच्या कोपीत पांडव पुजतात, आंबील-भज्जीवर ताव मारतात. लेकरं दिवसभर हरभऱ्यात हुंदडतात आणि कुणाला काही होत नाही. तिथून दोन महिन्यांत सगळा रंग पालटतो. महाशिवरात्रीच्या मागंपुढं हरभरा निघतो. तो पहाटेच्या दवात काढायचा, कारण ऊन चढलं की घाटे फुटून दाणे गळतात. मग बनीम, म्हणजे गंजी, लावायची आणि मळणी यंत्राची पाळी आली की रास करायची. त्याच सुमाराला ज्वारी काढणीला येते. ऊस गेलेल्या रानात पाचट पेटवतात, पाचटाबरोबर बांधही पेटतात. वाऱ्यावर गुळी, भुसा, राख आणि धूळ. या दिवसांत मुरुडच्या हवेत जेवढं काही तरंगत असतं तेवढं वर्षात क्वचितच असेल. आणि नेमकं तेव्हाच माझ्या भावाच्या घरी शिंका सुरू होतात.

भाचा चौथीत आहे. सकाळी अंथरुणातून उठतो तोच शिंकांची माळ लागते. नाकातून पाणी, डोळे लाल, टाळूला खाज. ही टाळूची खाज तो जिभेनं घशात ‘कर्रर्र’ असा आवाज काढून भागवतो आणि त्यासाठी बापाचा ओरडा खातो. दिवसभर तळहातानं नाकाचा शेंडा वर ढकलत राहतो. डॉक्टर मंडळी या हालचालीला गमतीनं ‘सलाम’ म्हणतात. वर्षानुवर्षं असे सलाम झडले की नाकाच्या मऊ भागावर एक आडवी रेघ उमटते. भाच्याच्या नाकावर ती आहे. रात्री नाक चोंदतं, तोंड उघडं टाकून झोपतो, झोप पुरी होत नाही, डोळ्यांखाली काळं येतं. ताप मात्र नसतो. कधी कधी खोकला उतरतो आणि छातीत बारीक शिट्टी वाजायला लागते.

आमच्या आईचं निदान ठरलेलं असतं: जंत. “नाक खाजवू लालंय म्हणजे पोटात किडे हायेत,” ती म्हणते. योगायोग असा की शाळांतून जंताची गोळी देण्याचा राष्ट्रीय दिवस १० फेब्रुवारीला येतो. गोळी गिळून झाली, तरी शिंका चालूच. मग आईचं दुसरं निदान: केळ. तिसरं: दही. नंतर पेरू, बोरं, चिंच, माठातलं पाणी, डोक्यावरून अंघोळ, संध्याकाळचं खेळणं. एकेक गोष्ट बंद होत जाते. होळीपर्यंत त्या लेकराच्या ताटात वरणभात आणि हळद-दूध एवढंच उरतं. बोरांच्या दिवसांत बोर नाही, यात्रेत गारेगार नाही, अंगणात पकडापकडी नाही. आणि एवढं करूनही तो शिंकला की घरातले सगळे स्वयंपाकघराकडं बघतात. वहिनीनं काहीतरी दिलं असणार. “मी काय विष घालू लालेय का लेकराला?” असं ती एकदा भांडी आपटत म्हणाली होती. तिचा राग मला आजही योग्यच वाटतो.

अन्नाची ॲलर्जी असते, नाही असं नाही. पण ती खाल्ल्यानंतर थोड्या वेळात अंगावर पित्त उठणं, ओठ सुजणं, उलटी अशी येते. दर साली फेब्रुवारीत येऊन पाडव्यानंतर हळूहळू निघून जाणारं दुखणं केळ्याचं कसं असेल? केळं तर बारमाही मिळतं. हा साधा प्रश्न घराघरांत कुणी विचारत नाही, याचं कारण मला आमच्या पंचांगात दिसतं. आमच्याकडं आजारांनाही ऋतू असतात. पावसाळ्यात सर्दी-ताप, हिवाळ्यात खोकला, उन्हाळ्यात घोळणा फुटणं आणि ऊन लागणं. मधल्या त्या दीड-दोन महिन्यांना आजारच नेमून दिलेला नाही. हवामान खात्याच्या वर्षातही वसंत नाही. जानेवारी-फेब्रुवारी हिवाळा आणि मार्चपासून थेट मोसमीपूर्व उन्हाळा. वसंत आमच्याकडं कवितेत येतो आणि शाळेच्या निबंधात येतो. तो नाकात शिरेल असं कुणाला वाटत नाही.

गंमत म्हणजे जुन्यांना हे ठाऊक होतं. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त ऋतुचर्येचा स्वतंत्र अध्याय आहे. शिशिरात साठलेला कफ वसंतातल्या सूर्याच्या उष्णतेनं पातळ होतो आणि पुष्कळ रोग उत्पन्न करतो, म्हणून या ऋतूत तो काढून टाकण्याची घाई करावी, नस्य करावं, हलकं खावं, व्यायाम करावा, दुपारी झोपू नये, असा त्यातला उपदेश. कारणमीमांसा आजच्या शास्त्राची नाही, पण वेळ अचूक टिपलेली आहे. आमच्या स्वयंपाकघरांनी त्यातला ‘कफकारक पदार्थ’ एवढाच तुकडा जपून ठेवला आणि ‘वसंतात’ हा शब्द सांडून टाकला. व्यायामाचं तर उलटंच केलं. शिंकणाऱ्या पोराला आम्ही घरात बसवतो.

वसंतात हवेत असतं काय? पळसाचा केशरी जाळ शिवारात उठून दिसतो, म्हणून आळ पहिल्यांदा त्याच्यावर येतो. मग आंब्याच्या मोहोरावर. पण डोळ्यांत भरणारी फुलं बहुधा निर्दोष असतात. पळसाचा पराग जड, चिकट असतो आणि तो पक्ष्यांच्या अंगाला लागून जातो. दगा देतात ती वाऱ्याच्या भरवशावर राहणारी झाडं. त्यांची फुलं इतकी बारकी आणि फिकी की झाड फुललंय हेही कळत नाही. देशात ज्यांच्या परागांनी नाकं वाहतात असं अभ्यासकांनी दाखवलेलं आहे त्यांत वावळ आहे, महारुख आहे, बांधावरचा एरंड आहे आणि ओढ्याकाठची वेडी बाभळ आहे. वावळ आणि महारुख तर पानगळीनंतर ऐन फेब्रुवारी-मार्चच्या बेतातच फुलतात. परागाचा कण बहुतेक वेळा मिलिमीटरच्या शंभराव्या भागापासून दहाव्या भागापर्यंतचा. डोळ्यांना दिसत नाही, पण नाकाच्या ओल्या अस्तराला बरोबर सापडतो. ज्याच्या शरीरानं त्या परागातल्या प्रथिनाविरुद्ध ‘आयजीई’ नावाची प्रतिद्रव्यं आधीच तयार करून ठेवलेली असतात, त्याच्या नाकातल्या पेशी काही मिनिटांत हिस्टामिन सोडतात आणि पुढचं सगळं शिंक, खाज, पाणी त्यातून येतं.

गाजरगवताला आमच्याकडं ‘काँग्रेस’च म्हणतात. पुण्यात ते पहिल्यांदा नजरेत आलं १९५५च्या सुमाराला, उकिरड्यांवर उगवलेलं. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते आलं असं मराठी माणूस पिढ्यान् पिढ्या सांगत आला आहे. १९७४ साली पुण्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. लोणकर यांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर या गवतानं होणाऱ्या त्वचेच्या दाहावर लिहिलं. पुढं बंगळुरूच्या अभ्यासकांनी त्याचा पराग नाकालाही लागतो हे दाखवलं. एका झाडाचे परागकण त्यांनी मोजले ते साठ कोटींच्या वर भरले. एरवी ते पावसाळ्याचं तण. पण उसाच्या पाटाला ओल बारमाही असते, तिथं ‘काँग्रेस’ही बारमाही फुललेली असते.

आणि रास. मळणी यंत्रातून दाणा एकीकडं आणि गुळी दुसरीकडं उडते, तेव्हा तिच्याबरोबर वाळल्या पानांवरच्या बुरशीचे बीजाणूही उडतात. ज्वारीवरच्या काणीची काळी भुकटी शेतकऱ्याला दाखवावी लागत नाही, त्याला ती हातानं माहीत आहे. नाकालाही ती माहीत असते. म्हणून एकाच घरातला एक पोरगा वावळ फुलल्यावर शिंकतो आणि त्याचा चुलतभाऊ राशीच्या दिवशी. दोघांच्या आयांना एकच सल्ला मिळतो: दही बंद.

हवेत काय उडतं हे मोजायची कल्पना जुनी आहे. मँचेस्टरचे डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली यांना स्वतःलाच हा त्रास होता. त्यांनी चिकट काचा पतंगाला बांधून उंच हवेत सोडल्या, खाली उतरवून सूक्ष्मदर्शकाखाली पराग मोजले, ते स्वतःच्या नाकात आणि कातडीवर चोळून पाहिले आणि १८७३ साली ग्रंथ लिहून सांगितलं की गवतावरचा पराग हेच या दुखण्याचं कारण. पण त्याहून मला अभिमानाची वाटते ती आपल्याकडची गोष्ट. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक एस. टी. टिळक यांनी याच कामासाठी एक यंत्र घडवलं. ते मिनिटाला पाच लिटर हवा ओढतं. आत सावकाश फिरणाऱ्या पिंपावर चिकटपट्टी असते, तिच्यावर हवेतला पराग आणि बीजाणू चिकटतात आणि एका पट्टीवर सलग आठ दिवसांची हवा नोंदली जाते. टिळक आणि कुलकर्णी यांनी १९७०मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली आणि ‘टिळक एअर सॅम्पलर’ हे नाव वायुजीवशास्त्रात रूढ झालं. मराठवाड्यातल्या कितीतरी विद्यार्थ्यांनी हे यंत्र ज्वारी-बाजरीच्या, भुईमुगाच्या रानात उभं करून प्रबंध लिहिले. पिकावर रोग यायच्या आधी त्याचे बीजाणू हवेत किती वाढतात हे त्यांना पाहायचं होतं. म्हणजे मराठवाड्यातल्या शेताची हवा मोजायची विद्या मराठवाड्यातच जन्मली, आणि बहुतांशी तिनं पिकांचं आरोग्य पाहिलं. तेच पिंप लातूरच्या एखाद्या महाविद्यालयाच्या गच्चीवर वर्षभर फिरलं आणि त्याचे आकडे बालरोगतज्ज्ञांच्या हाती गेले, तर किती आयांची उलटतपासणी वाचेल! चंडीगडमध्ये पीजीआय आणि पंजाब विद्यापीठाच्या अभ्यासकांनी शहराचं परागपंचांग असंच तयार केलं आहे, कुठल्या महिन्यात कुठला पराग ते सांगणारं. चंडीगडचं पंचांग लातूरला चालत नाही. इथली झाडं वेगळी, पाऊस वेगळा.

आईचा एक आक्षेप मात्र मला सहज खोडता आला नाही. “आम्ही शेणामातीत वाढलो, आम्हाला का नाही झालं?” ब्लॅकलींनाही हाच प्रश्न पडला होता. गवतात दिवसभर राबणाऱ्या शेतकऱ्यांत हा आजार कमी आणि शिकल्यासवरल्यांत जास्त, हे त्यांनी लिहून ठेवलं आहे. १९८९मध्ये डेव्हिड स्ट्रॅकन या ब्रिटिश साथरोगतज्ज्ञांनी सतरा हजारांवर मुलांच्या नोंदी पाहून दाखवलं की ज्यांना मोठी भावंडं जास्त त्यांच्यात परागज्वर कमी. भावंडांकडून लहानपणीच संसर्ग मिळाल्यानं शरीराला वळण लागत असावं, असा त्यांचा तर्क. पुढं आल्प्समधल्या खेड्यांत पाहणी झाली तेव्हा गाईगुरांच्या गोठ्यात वावरणारी मुलं ॲलर्जीपासून बरीच वाचलेली आढळली. गोठा जितक्या लहानपणी, तितकं रक्षण जास्त. आईच्या लहानपणी वाड्यात बैलजोडी, दोन म्हशी आणि घरात सात भावंडं होती. भाचा एकटा आहे. दावण रिकामी झाली, नांगरट ट्रॅक्टरनं होते, अंगणात फरशी आहे आणि दूध पिशवीतून येतं. शेत राहिलं, गोठा गेला. शेतातला पराग, भुसा आणि धूर तेवढा वाट्याला उरला. “म्हणजे म्हैस घ्या म्हणू लालीस का?” आईनं विचारलं. चौथीतल्या पोराला आता म्हशीचा उपयोग फक्त दुधापुरता, असं तिला सांगावं लागलं.

उपचारांची कथा आधी औषधाच्या दुकानातून सुरू होते. ‘सर्दीची बाटली’ मागायची आणि दुकानदार देईल ती घ्यायची. या बाटल्यांत बहुधा क्लोरफेनिरामिनसारखं जुन्या पिढीचं औषध असतं. त्यानं नाक थोडं सुकतं आणि पोर पेंगतं. पेंगणं म्हणजे आराम पडला अशी घरच्यांची समजूत. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, अशी सूचना बाटलीवर छापा असं केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३च्या डिसेंबरात सांगितलं. २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाडा जिल्ह्यात डायएथिलीन ग्लायकॉल या विषानं दूषित झालेल्या खोकल्याच्या औषधानं लहान मुलं दगावली. त्यांतल्या अनेकांना नागपूरच्या रुग्णालयांत आणलं होतं. त्या बातम्यांनंतर मुरुडमध्येही लोक बाटली उलटीपालटी करून वाचायला लागले, एवढं मी पाहिलं आहे.

पेंगण्याची किंमत मोठ्या मुलांना परीक्षेत मोजावी लागते. ब्रिटनमध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १,८३४ विद्यार्थ्यांचे हिवाळ्यातल्या सराव परीक्षेचे आणि उन्हाळ्यातल्या खऱ्या परीक्षेचे निकाल ताडून पाहिले होते. परीक्षेच्या दिवसांत परागज्वरानं बेजार असलेल्यांची श्रेणी घसरण्याची शक्यता ४० टक्क्यांनी जास्त निघाली आणि गुंगीचं औषध घेणाऱ्यांत तर ७० टक्क्यांनी. लातूर पॅटर्नच्या जिल्ह्यात पोराच्या एकेका गुणासाठी आईबाप शिकवणीला हजारो रुपये मोजतात. दहावी-बारावीची परीक्षा येते ती नेमकी राशींच्या दिवसांत. सेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन यांसारखी नव्या पिढीची औषधं कमी गुंगी आणतात, ही गोष्ट शिकवणीच्या जाहिरातींइतक्या मोठ्या अक्षरांत कुठं लिहिलेली दिसत नाही.

बाटलीला न घाबरणारं घर दम्याच्या पंपाला मात्र घाबरतं. “पंपाची सवय लागते”, “पंप म्हणजे शेवटचं”, “पोरीला पंप लावला तर लग्नाला अडचण”. हे मी शेजारपाजारी इतक्यांदा ऐकलं आहे की ऐकणाऱ्याला तो कायदाच वाटावा. छातीत शिट्टी वाजली की डॉक्टर बाळदमा म्हणतात. ‘दमा’ हा शब्द ऐकूनच आया रडतात आणि आधीच्या ‘बाळ’मुळे आलेलं अर्धं आश्वासन त्यांच्या कानापर्यंत पोचत नाही. खोकल्याच्या पातळ औषधातून पाच मिलिलिटरला २ मिलिग्रॅम साल्ब्युटामॉल, म्हणजे श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध, पोटात जातं. पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम असतं, म्हणजे विसावा हिस्सा, आणि ते थेट छातीत जातं. धडधड, हात कापणं कमी. हे गणित चौथीच्या पोरालाही सुटतं. हा पंप तरी कसा आला? १९५५मध्ये अमेरिकेतल्या एका औषध कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या दमेकरी मुलीनं बापाला विचारलं, केसांच्या फवाऱ्यासारखं माझं औषध का नाही मिळत? पुढच्याच वर्षी ते बाजारात होतं. त्या तेरा वर्षांच्या पोरीला लग्नाची अडचण सांगणारं कुणी शेजारी नसावं.

पंप तोंडात धरून दाबला तर लहान मुलाचं बरंचसं औषध जिभेवरच बसतं, म्हणून मध्ये स्पेसर नावाचा पोकळ डबा हवा. तो महाग वाटला तर केपटाउनच्या डॉ. हेदर झार यांनी १९९९ साली दाखवून दिलेला उपाय आहे. अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचं भोक पाडून तो घट्ट बसवायचा आणि बाटलीच्या तोंडातून श्वास घ्यायचा. दम्याच्या झटक्यात विकतच्या स्पेसरइतकंच ते काम करतं, असं त्यांच्या चाचणीत दिसलं.

भाच्याला मात्र खरा उतार पडला तो नाकातल्या फवाऱ्यानं. लातूरच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी तो लिहून दिला तेव्हा भावानं चिठ्ठीवरचं नाव मोबाईलवर शोधलं. ‘स्टिरॉइड’ हा शब्द दिसला आणि बाटली महिनाभर कपाटात पडून राहिली. या शब्दाची धास्ती अगदीच निराधार नाही, पण ती नेमकी चुकीच्या दारावर पहारा देते. फवाऱ्यातली मात्रा मायक्रोग्रॅमची असते आणि ती नाकातच काम करते. याच भीतीपोटी फवारा नाकारणारी माणसं जत्रेतून, ओळखीतून दम्याची बिनलेबलची ‘गावठी पुडी’ आणतात, अशा पुड्यांत तेच स्टिरॉइड चांगलं घसघशीत मिसळलेलं सापडल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येत असल्या तरी. फवारा पहिल्या दिवशी जादू करत नाही. पुरता गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. दोन दिवस मारून “काही फरक नाही” म्हणून सोडून देणाऱ्यांची संख्या मोठी आहे. बाईंनी सांगितलं ते साधं होतं: त्रास सुरू झाल्यावर नव्हे, त्याच्या आधी पंधरा दिवस सुरू करा. त्यासाठी त्रास कधी सुरू होतो हे माहीत पाहिजे.

आणि हैदराबादचं मासोळीचं औषध. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळं मोठ्या दुखण्याला हैदराबाद ही इकडची जुनी सवय. मृगाच्या आरंभी तिथल्या नामपल्लीच्या प्रदर्शन मैदानावर बथिनी कुटुंब दमेकऱ्यांना जिवंत मासोळीच्या तोंडात औषध भरून ती फुकट गिळायला देतं. १८४५ साली एका साधूनं आपल्या पूर्वजाला हे औषध दिलं, असं ते सांगतात. लाखभर माणसं जमल्याच्या बातम्या असतात. त्या औषधाचे घटक ते उघड करत नाहीत आणि विज्ञानवादी संघटनांनी त्याला अनेकदा आव्हान दिलं आहे. मला त्या तारखेचं कौतुक वाटतं. वसंतातल्या परागानं आणि राशीच्या धुळीनं शिंकणारं लेकरू मृगापर्यंत तसंही मोकळं झालेलं असतं. रान रिकामं, झाडं फुलून गेलेली आणि पहिला पाऊस आला की हवा धुऊन निघालेली. अशा वेळी गिळलेल्या मासोळीला यश येणारच. आमच्या गल्लीतल्या एका कुटुंबाला ते पहिल्या साली आलं, दुसऱ्या फेब्रुवारीत शिंका पुन्हा सुरू झाल्या. त्यांनी निष्कर्ष काढला की पथ्य मोडलं.

माझी मावसबहीण अमेरिकेत राहते. तिच्या मोबाईलवर सकाळी तापमानाबरोबर परागाचा आकडाही येतो. जास्त असला की ती खिडक्या लावते आणि पोरांना आल्याबरोबर अंघोळ घालते. जपानात तर सुगी नावाच्या देवदाराच्या परागाची भाकितं फेब्रुवारीपासून टीव्हीवर सांगतात. दुसऱ्या महायुद्धानंतर लाकडासाठी त्यांनी डोंगरच्या डोंगर सुगीनं भरून टाकले, झाडं वयात आली आणि देश शिंकायला लागला. तीस वर्षांत पराग निम्म्यावर आणायचा, असं तिथल्या सरकारनं २०२३मध्ये जाहीर केलं. आपल्याकडंही वेडी बाभळ आणि सुबाभूळ आपोआप आलेली नाही, सरपणासाठी आणि हिरवाईसाठी माणसांनीच लावलेली आहे. फक्त तिचा हिशेब कुणी मागत नाही.

बहिणीचा सल्ला वहिनीला फोनवर ऐकवला तेव्हा ती हसली. पत्र्याच्या खोलीत मार्च महिन्यात खिडकी लावून झोपायचं? वाळवण गच्चीवर नको तर कुठं? रास चालू असताना शेतात जाऊ देऊ नका म्हणे, पण पोराचा बाप, आजा आणि सुट्टीच्या दिवशी तो स्वतः त्याच शेतावर. छापील पत्रकांतला सल्ला बंद घरांसाठी लिहिलेला असतो आणि आमची घरं उघडी असतात.

मग तिनं तिचंच काहीतरी सुरू केलं. किराण्याच्या वहीच्या मागच्या पानांवर ती लिहायला लागली: आज शिंका किती, रात्री झोप कशी, खाल्लं काय, शेजारी कुणाची रास होती का, वारा कुठून. दुसऱ्या वर्षाच्या पानांत दिसायला लागलं ते आम्हा कुणाच्याच निदानात नव्हतं. केळ्याच्या दिवसांचा आणि शिंकांचा काही मेळ बसत नव्हता. त्रासाची सुरुवात दोन्ही वर्षी हरभरा निघायच्या आधीच झाली होती, गावाबाहेरच्या रस्त्याची वावळ पान टाकून बसली होती तेव्हा. राशीच्या दिवशी त्रास दुप्पट व्हायचा, आणि होळीच्या धुरानंतर छाती वाजायची. ती वही डॉक्टरबाईंनी पहिल्यांदा उघडली तेव्हा बराच वेळ वाचत होत्या.

त्यानंतर घरात जे बदल झाले ते किरकोळ वाटतील असेच आहेत. फवारा आता संक्रांत झाली की सुरू होतो. शेतावरून आलेला बाप आधी अंगणात कपडे बदलतो, तसाच येऊन पोराला कवटाळत नाही. पोराचं अंथरूण गुळीच्या पोत्यांच्या खोलीतून पुढच्या खोलीत आलं. पोती हलली नाहीत, त्यांना दुसरी जागाच नव्हती. झोपायच्या आधी मिठाच्या कोमट पाण्यानं नाक धुणं, उकळून गार केलेल्या पाण्याचं. याला आईची ताबडतोब मान्यता मिळाली, कारण तिच्या लेखी ती जलनेती आहे. ओव्याची धुरी बंद झाली, त्यावरून मात्र मोठं भांडण झालं. धूर कशाचाही असो, शिट्टी वाजणाऱ्या छातीला तो वाईटच, हे आईला पटवायला डॉक्टरबाईंचा आवाज फोनच्या स्पीकरवर ऐकवावा लागला. होळीला भाचा लांबून, वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभा राहतो. शाळेत बाईंना सांगून ठेवलंय की मैदान झाडणं त्याच्याकडं देऊ नका, पण कबड्डीतून काढू नका.

केळं परत आलं. दहीही आलं. पाडव्याला कडुलिंबाचा फुलोरा वाटून दिला तोही त्यानं सगळ्यांसारखा तोंड वाकडं करून खाल्ला. शिंका बंद झाल्या असं मी म्हणणार नाही. सकाळी चार-पाच असतातच आणि राशीच्या आठवड्यात एखादी रात्र बसून जाते. पण स्वयंपाकघराकडं बघणं थांबलं. निदान पोरगा शिंकला की आई आता आधी दारातून बाहेर डोकावते आणि विचारते, “कुणाचं मशीन चालू लालंय?”

पुढचा प्रश्न इंजेक्शनांचा आहे. कातडीवर टोचून कुठल्या परागाची ॲलर्जी ते पाहायचं, आणि त्याच परागाचा अर्क अगदी थोड्या मात्रेपासून वाढवत नेत शरीराला सवय लावायची. लंडनमध्ये लेनर्ड नून यांनी १९११ साली सुरू केलेली ही पद्धत आजही त्या दुखण्याच्या मुळाशी जाणारी एवढीच आहे. तीन ते पाच वर्षं चालते, आधी आठवड्याला आणि मग महिन्याला दवाखाना, टोचल्यावर अर्धा तास तिथंच बसून राहायचं. डॉक्टरबाईंचं म्हणणं, अजून एक हंगाम फवाऱ्यावर पाहू, शिट्टी वाढली तर विचार करू. भावाचं म्हणणं, सोयाबीनची पट्टी हातात आली की खर्चाचं ठरवू. वहिनीचं म्हणणं वेगळंच आहे. पैसे मिळतील, पण ऐन सुगीत दर आठवड्याला लेकराला घेऊन लातूरला जाणार कोण, ते आधी सांगा. त्याचं उत्तर अजून घरात कुणी दिलेलं नाही.